नवतपा जास्त तापला तर पाऊस जास्त, मग आपलं नुकसान नेमकं कशात?

पऱ्हाटी_आर्वी:
राम राम मंडळी. सहा एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर आन् थोडी कपाशी. पोरगा दहावीला आहे. त्याच्या प्रकल्पात आलं की जग तापलं की आपल्याकडे मोसमी पाऊस वाढणार. आमचे बाबा तर जन्मभर हेच सांगत आले, नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, तापला की पाणी पडतेच. मग काहून एवढी बोंब? आपल्याले पाणीच पाहिजे ना! मस्करी नाही, खरंच विचारतो. शेततळ्याचा अर्ज करावा का नाही, यावरून घरात वाद चालू आहे.

डवरणी:
भाऊ, पोराचं बरोबर आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या २०२१ च्या अहवालातही पुढे दक्षिण आशियात मोसमी पाऊस वाढेल असंच म्हटलंय. हवा एक अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त वाफ मावते, आणि जग १८५०-१९०० च्या मानानं एका अंशाच्या वर तापून बसलंय. फक्त ही वाफ रोज थोडी थोडी खाली येत नाही, साचते आन् एकदम कोसळते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. एकूण पाऊस मात्र त्या काळात वाढला नाही.

बाबा अर्धे खरे. जमीन तापली की समुद्रावरचं वारं ओढलं जातं. पण आता हिंदी महासागरही तापतोय, म्हणजे जमीन आन् समुद्र या दोघांतला फरक कमी होतो आन् ती ओढ कमी पडते.

आता तुमच्या काळ्या जमिनीचं पाहा, खरा घोळ इथं आहे. ती भिजली की फुगते, भेगा बुजतात आन् पुढचं पाणी आत घेत नाही. एका रात्री शंभर मिलिमीटर पडलं तर बरंचसं माती घेऊन नाल्याला जातं, उरलेलं पिकाच्या ओळींत तुंबतं आणि सोयाबीन पिवळं पडतं. नंतर पावसाचा खंड पडला की तीच जमीन भेगाळते, नेमकी फुलं-शेंगा धरायच्या वेळी. ऑगस्ट २०२३ आठवा, देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पाठोपाठ सप्टेंबरात सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग. आणि खंड असला तरी तालुक्याची सरासरी कागदावर भरलेली दिसू शकते, मग कोणाले सांगता?

शेततळं घ्या. पण आधी पाणी शेतात मुरवायचं पाहा. पेरणी बीबीएफनं करा, रुंद वरंबा आन् बाजूला सरी. यंत्र नसेल तर शेवटच्या डवरणीला (कोळपणीला) डवऱ्याला दोरी गुंडाळून पिकाच्या काही ओळींआड सरी पाडा. खर्च दोरीचा.

अंबिया_वरूड:
इकडे पावसाआधी थंडीचंच रडगाणं आहे राजेहो. संत्र्याच्या अंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण द्यावा लागतो, पाणी तोडायचं आन् गारठ्यात झाड झोपवायचं. थंडी नीट पडलीच नाही, नाही तर मधेच अवकाळी आला, तर ताण तुटते. नवती (कोवळी पालवी) निघते, फूल नाही. जे फळ धरते ते मार्च-एप्रिलच्या उन्हात गळते. त्यातून वाचलं तर पावसाळ्यात बुडाशी पाणी साचून डिंक्या रोग. बोअर तर दरवर्षी खोल चालले आहेत, ते वेगळंच.

निंदणवाली_ताई:
सगळे पिकाचं बोलता दादा, निंदणाले कोण जाते? आमच्या बचत गटातल्या बायाच जातात ना. मे महिन्याचं ऊन आम्हाले नवं नाही. कोरड्या उन्हात घाम वाळते, अंग थंड होते, कूलरही काम करते. पण जून-जुलैत पाऊस दडी मारते आन् हवा दमट राहते, तेव्हा कूलर नुसता ओला वारा फेकते. तसंच माणसाचं, घाम वाळत नाही, चक्कर येते. हवा जितकी तापेल तितकी तिच्यात वाफ, असं वर लिहिलंच आहे. रात्रीही आता गार होत नाहीत, सकाळी उठताना अंग जडच. आम्ही पहाटे पाचला जाऊन अकराला परत यायचं म्हटलं, तर मालक म्हणते अर्धा रोज देतो. त्याचा उपाय सांगा कोणी.

पऱ्हाटी_आर्वी:
ताई, आमच्याकडेही हेच चालते, मीही अर्धाच देत होतो, खोटं काहून बोलू. औंदा सकाळच्या पाळीले पूर्ण रोज देतो, घरी बोललो.
डवरणी भाऊ, शेत उताराचं आहे, खाली शेजाऱ्याचा धुरा (बांध). सऱ्या काढल्या तर सगळं पाणी त्याच्याकडे जाईल, मग पोलीस पाटलापर्यंत भांडण. काय करू?

डवरणी:
उताराच्या दिशेनं काढूच नका, आडव्या काढा. जास्तीचं पाणी काठाच्या चरातून नाल्याला सोडा, जमलं तर तिथंच शेततळं. आणि पेरणीआधी शेजाऱ्याला बांधावर बोलावून चर कुठून जाणार ते दाखवा.