हेगने फाशी थांबवली, पण सुटका कोण करणार?

पश्चिमवारा :
पाकिस्तानने हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावलेले आपले माजी नौदल अधिकारी कुलभूषण जाधव, त्यांचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'हेगला आपण जिंकलो.' काय जिंकलो ते एकदा निकालात बघा. १७ जुलै २०१९ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की भारतीय अधिकाऱ्यांना जाधवांना भेटू न देऊन पाकिस्तानने वकिलाती संबंधांचा १९६३ चा व्हिएन्ना करार मोडला. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, तोवर फाशी नको. शिक्षा रद्द करा, त्यांना सोडा, मायदेशी पाठवा, या आपल्या मागण्या मात्र फेटाळल्या. माणूस मार्च २०१६ पासून तिथेच आहे.
माझ्या मते हे प्रकरण पडद्याआडच्या बोलण्यांतून सुटण्यासारखं होतं. हेगला गेल्यावर दोन्ही सरकारं जगासमोर आपापल्या भूमिकेला बांधली गेली आणि देवघेवीची वाट बुजली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही.

तळटीप :
पश्चिमवारा, तारखा बघा. फाशी जाहीर झाली १० एप्रिल २०१७ ला. त्याआधी वर्षभर आपण भेटीची परवानगी मागत होतो, ती मिळत नव्हती. ८ मे ला हेगला अर्ज केला, १८ मे ला फाशीला स्थगिती. कुठल्या पडद्याआडून हे दहा दिवसांत झालं असतं? आई आणि पत्नीला डिसेंबरात इस्लामाबादला भेट मिळाली (तीही काचेआडून), ती या स्थगितीनंतर.
आणि न्यायालयाने सुटका दिली नाही म्हणून रुसण्यात अर्थ नाही. त्याला अधिकार मिळाला तो वकिलाती संबंधांच्या त्या कराराच्या प्रोटोकॉलमधून (कराराचे वाद या न्यायालयाकडे नेण्याचा जोडकरार), म्हणजे करार मोडला की नाही एवढाच प्रश्न त्याच्यापुढे होता. जाधवांना इराणमधून पळवलं की बलुचिस्तानात पकडलं, हेर होते की नव्हते, यावर ते निर्णय देणारच नव्हतं. आपले वकील हरीश साळव्यांनी एक रुपया मानधनात या चिंचोळ्या फटीतून जेवढं काढता येईल तेवढं काढलं. चिनी न्यायाधीशही बहुमतात होत्या, विरोधात एकटे पाकिस्तानने या खटल्यापुरते नेमलेले तदर्थ न्यायाधीश.

खवचट काका :
दहा दिवसांचं कौतुक पुरे. हेगचा आदेश चालतो तो समोरच्याला चालवून घ्यायचा असेल तेव्हाच. १९९९ मध्ये याच कराराच्या वादात जर्मनीच्या वॉल्टर लाग्रांडची शिक्षा थांबवा म्हणून याच न्यायालयाने आदेश दिला, अ‍ॅरिझोनाने त्याच दिवशी त्याला मारलं. मेक्सिकोने २००४ मध्ये असाच निकाल मिळवला. तरी त्या निकालातल्या होसे मेडेलिनला टेक्ससने २००८ मध्ये मृत्युदंड दिलाच. उलट त्या निकालानंतर वर्षभरात अमेरिका त्या प्रोटोकॉलमधूनच बाहेर पडली. काय वाकडं झालं तिचं?
आपणही काही सोवळे नाही. ऑगस्ट १९९९ मध्ये आपण पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं, १६ जण गेले. पाकिस्तान हेगला गेला तेव्हा आपलं उत्तर काय? राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद आम्ही या न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवलेत. चाललं ते.

तळटीप :
काका, अटलांटिकच्या वेळी आपण पाठ फिरवली नव्हती. आपले तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल सोली सोराबजींनी तिथे उभं राहून युक्तिवाद केला आणि जून २००० मध्ये १४ विरुद्ध २ मतांनी न्यायालयानेच ते मान्य केलं. नियमात राहून 'तुमचा अधिकार नाही' म्हणणं आणि आदेश पायदळी तुडवणं यांत फरक आहे की नाही?
लाग्रांडचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं. त्याच खटल्यात २००१ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की असे अंतरिम आदेश बंधनकारक असतात. म्हणून २०१७ मध्ये 'हा नुसता सल्ला आहे' ही पळवाट कुणालाच उरली नव्हती.

डहाणूची मी :
तुम्ही दोघं हेगमध्येच फिरताय. आमच्याकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात रेषा ओढलेली नाही, बोट पकडली की कराचीच्या मलीर तुरुंगात. त्यांच्यासाठी कुणी आंतरराष्ट्रीय कोर्टात जात नाही. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात, एवढाच आधार. शिक्षा संपलेली असली तरी माणूस आत राहतो. मग कधी तरी दिल्ली आणि इस्लामाबादचं जरा बरं चाललं की वाघा सीमेवरून एकदम बरेच जण सोडतात. त्यामुळे पश्चिमवारा म्हणतात ते मला पटतं : माणसं येतात ती राजकारणाने. पण राजकारण नासलं की तीच माणसं अडकतात, तेव्हा त्यांच्या हातात दाखवायला कायद्याचा कागदही नसतो. जाधवांकडे तो आहे.

खवचट काका :
कागद आहे ना, मग पुढे? पाकिस्तानने २०२१ मध्ये फेरविचाराचा कायदा केला. आपण म्हटलं वकील भारतीय हवा, ते म्हणाले इथली सनद लागेल. वर सांगतात, जाधवांनाच याचिका करायची नाही. फेरविचार राहिला कायद्याच्या पुस्तकात.

पश्चिमवारा :
डहाणूकर ताई, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. फाशी थांबवायला कोर्ट लागलं, हे तळटीप यांचं कबूल. माझा आक्षेप त्यानंतरच्या वर्षांवर आहे. स्थगिती मिळाली तेव्हाच बोलणी सुरू व्हायला हवी होती. आपण ती विजय म्हणून साजरी केली, आणि एकदा विजय म्हटल्यावर देवघेव करणं कुठल्याच सरकारला परवडत नाही.

तळटीप :
बोलणी करायला समोर कुणीतरी हवं. २०१९ चं वर्ष आठवा : फेब्रुवारीत पुलवामा आणि बालाकोट, त्यातच हेगची सुनावणी, ऑगस्टमध्ये ३७० गेल्यावर त्यांनी आपल्या उच्चायुक्तांनाच परत पाठवलं. तरी २ सप्टेंबरला आपल्या अधिकाऱ्याला जाधवांची पहिली भेट मिळाली. त्या महिन्यात दोन देशांत दुसरं काय चालू होतं, सांगा बरं.