ताब्याची मागणी आत्ताच वाढवून घ्या

दादा, तुमचा दावा नुसता मनाईचा (शेजाऱ्याला रोखण्याचा) आणि मधल्या काळात शेजाऱ्याने धुरा (बांध) फोडून पट्टी वहितीत घेतली, म्हणून ताब्याची मागणी आता घालता येईल का, असं विचारलंत. येते, पण उशीर करू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १७ खाली दावा दुरुस्तीचा अर्ज द्या. सुनावणी सुरू झाली असेल, तर योग्य तत्परता दाखवूनही हे आधी मांडता आलं नसतं, हे कोर्टाला पटवावं लागतं. ही अट २००२ पासूनची. तुमचं अतिक्रमण दाव्यानंतरचं आहे, म्हणून तारीखच तुमचा खरा आधार. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे भूमी अभिलेखकडून मिळणारा मोजणी नकाशा, जोडाच.

उशिराची दुरुस्ती कशी महागात पडते ते आम्ही पाहिलंय. आमच्या बाबांच्या उमरेडकडच्या वावराच्या दाव्यात खसरा (जमिनीचा नंबर) ८४ चा ४८ टाईप झाला होता. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी सातबारा पुढे धरला आणि बाबा गप्पच झाले. ते अजून आठवतं. दुरुस्ती मिळाली, पण कोर्टाने लावलेला खर्च भरून.

आणि हो, अर्ज मंजूर झाल्यावर निवांत बसू नका. आदेशात मुदत दिली नसेल तर १४ दिवसांत वादपत्रात (दाव्याच्या मूळ कागदात) दुरुस्ती करून घ्यावी लागते. मुदत गेली तर कोर्टाकडून ती वाढवून घ्यावी लागते.