बाळाच्या बॅगेतून काय कधी काढलंत, काय नवीन आलं? – अनुभव सांगा

बाळाला बाहेर नेताना बॅगेत काय भरायचं याच्या याद्या ढिगाने मिळतात, पण जवळजवळ सगळ्या तान्ह्या बाळासाठीच्या. पुढे मूल रांगतं, चालतं, शू सांगायला लागतं, आणि बॅग मात्र तीच राहते, म्हणजे नको ते वाहायचं आणि हवं ते नेमकं नाही. म्हणून हा धागा. काय घ्यावं यापेक्षा काय कधी काढलं आणि त्या जागी काय आलं ते लिहा.

सुरुवात मी करते. लेक आता दीड वर्षाची आहे. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, त्यामुळे खाण्यापिण्याचं जे काही बॅगेत असायचं ते माझं, पाण्याची मोठी बाटली आणि अळिवाचा लाडू. बाकी दुपटी, झबली, डायपर. डायपरचा माझा हिशोब असा की दर तीन तासाला एक धरायचा आणि वर दोन जास्तीचे. सहा महिन्यांनंतर दुपटी कमी झाली आणि डबा, चमचा, लाळेरं आलं. रांगायला लागल्यावर बाळाचे हातपाय पुसायला ओला नॅपकिन, चालायला लागल्यावर बूट. आणि एक गोष्ट आवर्जून सांगते, बॅगेच्या तळाशी ठेवलेला इमर्जन्सीचा डायपर हमखास मागच्या मापाचा निघतो. एम साधारण ७ ते १२ किलोला, एल ९ ते १४ ला, म्हणजे मधल्या वजनाला दोन्ही चालतात, पण मांडीवर वळ दिसायला लागले की मोठं माप घ्यायचं आणि नवीन पाकीट फोडल्याबरोबर आधी तळातला बदलायचा.

डोंबिवलीहून, नोकरी करणारी आई

२०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली म्हणून मी ऑफिसला परत आले तेव्हा मुलगा सहा महिन्यांचा होता. दोन बॅगा झाल्या, एक पाळणाघराची आणि एक माझी. माझ्या बॅगेत पंप, झाकणाच्या बाटल्या आणि आईसपॅकवाली छोटी थंड पिशवी. काढलेलं दूध बाहेर २५ डिग्रीपर्यंत चार तास टिकतं असं सांगतात, पण आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये लोकलच्या लेडीज डब्यात कुठले २५ डिग्री! तेव्हा गोठवलेले आईसपॅक असल्याशिवाय मी दूध नेलंच नाही. बाटलीवर वेळ लिहायची, मार्करने. पाळणाघराच्या बॅगेत प्रत्येक कपड्याला आतून रंगीत दोऱ्याची खूण, कारण शाईची नावं धुण्यात जातात आणि चार बाळांची पांढरी झबली सारखीच दिसतात. वर्षाचा झाल्यावर पंप निघाला, त्या जागी मऊ केळं आणि उकडलेल्या रताळ्याचा डबा आला. खांद्यावरचं ओझं केवढं उतरलं ते रोज सकाळची फास्ट पकडणारीलाच कळेल.

साताऱ्याहून, आजी

आमच्या वेळी डायपर नव्हते बायांनो. ८२ साली मोठ्याला घेऊन एसटीने मुंबईला यायचे, तेव्हा नायलॉनच्या पिशवीत जुन्या सुती लुगड्याचे लंगोट, खाली घालायला मेणकापड, ओल्या कपड्यांना वेगळी पिशवी आणि उकळून गार केलेल्या पाण्याचा थर्मास. पाजायचं तर खिडकीकडे तोंड करून पदराआड. आता बऱ्याच एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची वेगळी खोली, झालेत, नातवाच्या वेळी सुनेला तिथे निवांत बसता आलं, मला फार बरं वाटलं ते बघून. सुनेच्या बॅगेत तिचं सगळं सामान असतं, मी त्यात एकच गोष्ट घालते, जुन्या सुती साडीचा हातभर तुकडा. तान्हेपणी ते दुपटं होतं, मग लाळ पुसायला, मग जेवताना मांडीवर, मग उन्हात डोक्यावर. नातू तीन वर्षांचा झाला तरी तो तुकडा बॅगेतून निघाला नाहीये.

ठाण्याहून, बाबा

शनिवार-रविवार मुलगी माझ्याकडे असते, बायकोची शिफ्ट असते. मॉलमध्ये, हॉटेलात डायपर बदलायचं टेबल बहुतेक ठिकाणी बायकांच्याच टॉयलेटमध्ये. मग मी गाडीची मागची सीट किंवा बागेतला बाक वापरतो, म्हणून माझ्या सॅकमध्ये मोठं, जाड, घडीचं मॅट पहिल्यापासून आहे आणि ते डायपर सुटेपर्यंत राहणार. खांद्याला अडकवायची पर्स टाइप बॅग मी घेतच नाही, पाठीवरची सॅकच हवी, दोन्ही हात मोकळे पाहिजेत कारण ती पळते.

दुसरं औषधांचं, हे कृपया सगळ्यांनी बघा. लहान असताना पॅरासिटामॉलचे थेंब ठेवलेले असतात, त्यात साधारण १ मिलीला १०० मिलिग्रॅम औषध असतं. मोठं झाल्यावर सिरप येतं, त्यात ५ मिलीला १२० किंवा २४०-२५०. म्हणजे थेंब सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असतात. दोन्ही बाटल्या एकत्र बॅगेत असल्या आणि रात्री दुसऱ्या कोणीतरी दिलं तर गोंधळ होऊ शकतो. सिरप आलं त्या दिवशी थेंब बॅगेतून काढले. डोस वजनावर असतो, म्हणून डॉक्टरांकडे वजन झालं की तिथेच मिलीमध्ये लिहून घेतो आणि ती चिठ्ठी बाटलीला रबर लावून ठेवतो.

बीड जिल्ह्यातून, अंगणवाडी सेविका

तुमच्या बॅगा वाचून आमच्याकडचं सांगावंसं वाटलं. आमच्या गावातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या ऊसतोडीला जातात, लेकरं सोबत. त्या आईचं लेकरासाठीचं गाठोडं म्हणजे झोळी बांधायला साडी आणि दोर, दोन गोधड्या, टोपडं, स्वेटर (पहाटे फडात लई थंडी असती), वाटी-चमचा. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या लेकरांना अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, तो असला तर ती पाकिटं पण गाठोड्यात. मी निघायच्या आधी प्रत्येक घरी जाऊन एकच बघते, लसीचं कार्ड घेतलं का. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून मी स्वतः देते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत, आणि हे नेमके कारखान्यावर असतानाचे महिने येतात. कार्ड हातात असलं की तिकडच्या उपकेंद्रात लस मिळती, नसलं की आईला तारखा आठवत नाहीत आणि लेकराचा डोस राहतो. गाठोड्यातलं बाकी सगळं लेकरू मोठं झालं की बदलतं, कार्ड मात्र मूल शाळेत जाईपर्यंत ठेवायचं.

कोल्हापूरहून

अंगणवाडीताई, तुमचं लिहिणं वाचून थांबलेच, मनापासून धन्यवाद.

आमचं सासर रत्नागिरीला त्यामुळे आंबा घाट वर्षातून कितीदा तरी. मुलगा दोन वर्षांचा होईपर्यंत घाटात मस्त झोपायचा, नंतर उलट्या सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले की या वयानंतरच गाडी लागायला लागते, बाराएक वर्षांपर्यंत चालतं. म्हणजे ज्या वयात आपण बॅग लहान करायला लागतो त्याच वयात हे सामान वाढतं! आता डायपरच्या कप्प्यात जाड पिशव्या, जुना टॉवेल, एक पूर्ण कपड्यांचा जोड (माझाही एक टॉप), ओआरएसची छोटी पाकिटं. छोटं पाकीट २०० मिली पाण्याचं असतं, अख्खं पाकीट मोजून २०० मिलीतच घालायचं, अर्धं अर्धं अंदाजाने करायचं नाही आणि कालवलेलं २४ तासांनंतर फेकायचं. घाटाआधी पोटभर दूध देत नाही, कोरडा खाकरा किंवा मुरमुरे. मोबाईल बघू देत नाही, लांबचा डोंगर बघायला लावते.

म्युनिकहून

इकडे पाळणाघराला किटा म्हणतात आणि त्यांचं सामान ऋतूप्रमाणे बदलतं. पाऊस असो बर्फ असो, मुलं बाहेर खेळणारच. त्यामुळे चिखलात बसायची रबरी पँट, गमबूट, हिवाळ्यात अंगभर बर्फाचा सूट, टोपी, हातमोज्यांचे दोन जोड, उन्हाळ्यात टोपी आणि सनक्रीम, हे सगळं मुलाच्या नावाच्या हुकला टांगलेलं. दर ऋतूला माप तपासून नवीन द्यायचं. आई पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली अगं तो भिजतोय चिखलात, पण आठवडाभरात तीच गमबूट घालून द्यायला लागली. मी घरच्या बॅगेत अजून मेतकूट ठेवते, बाहेर कुठे गरम भात मिळाला की त्याचं जेवण होतं.

पुण्याहून

मी थोडं वेगळं लिहितेय. माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी, डायपर अजून लागतात. आमची बॅग वर्षागणिक लहान झाली नाही, मोठी झाली. सार्वजनिक ठिकाणचं बदलायचं टेबल तान्ह्या बाळाएवढंच असतं, त्यामुळे मॅट, चादर आणि आडोशाला मोठी ओढणी लागते. बाळांच्या डायपरची मापं संपल्यावर मोठ्या माणसांच्यातलं सगळ्यात छोटं माप बसतं, ते मेडिकलवाल्याला आधी सांगून ठेवावं लागतं. बदल आम्ही एकच केला पण मोठा केला. कार्टूनची बेबी बॅग काढून टाकली आणि त्याने स्वतः बोट दाखवून निवडलेली निळी सॅक आणली, त्याच्या वयाच्या मुलाची असते तशी. आत काय आहे ते इतरांनी बघायची गरज नाही. आणि सगळ्यांना विनंती, जुने पेपर बॅगेत ठेवा. वापरलेला डायपर पेपरात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून वेगळा द्या, पुण्यात कचरावेचक ताईंनी हेच मागितलंय. त्यांना तो हाताने वेगळा करावा लागतो हो.

नाशिकहून

पुण्याच्या ताई, निळ्या सॅकचं फार आवडलं. आमची तीन वर्षांची, डायपर दिवसा सुटलेत. आता तीन चड्ड्या, दोन पँट आणि ओल्यासाठी झिपची पिशवी. रात्रीच्या प्रवासाला अजून एक डायपर घेते, त्यात मला काही वावगं वाटत नाही.

वसईहून, प्रश्न

गणपतीला रेल्वेने कणकवलीला जातोय, मुलगी १४ महिन्यांची. काय न्यावं?

धागाकर्ती

पाच वर्षांखाली तिकीट नाही पण बर्थही नाही, तेव्हा तुमचा लोअर असेल तर उत्तम, आडवं पडायला दुपटं घ्या. गणपतीत गाड्या लेट होतात, म्हणून डायपर आणि खाणं अर्ध्या दिवसाचं जास्त. नाचणीसत्व कोरडं न्या आणि सोबत गरम पाण्याचा थर्मास, गाडीत पटकन कालवता येतं. एसी असेल तर टोपी-मोजे. भाद्रपदात तिकडे कपडे वाळत नाहीत, त्यामुळे झबल्या-पँटचे जोड दुप्पट न्या आणि मच्छरदाणी विसरू नका. शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, पॉपकॉर्न असलं काही तिच्या हाताशी येणार नाही असं वरच्या कप्प्यात ठेवा, घशात अडकतं. डायपर कणकवलीच्या बाजारात मिळतील, पण घर आतल्या वाडीत असेल तर आरतीच्या गडबडीत कोणाला पाठवणार, त्यामुळे पूर्ण पाकीट इथूनच घ्या.