भावंडाच्या ऑडिशनला सोबत गेला होतात? अनुभव लिहा

माझी धाकटी बहीण अकरावीत आहे. टीव्हीवरच्या एका गाण्याच्या स्पर्धेची पहिली फेरी पुढच्या रविवारी गोरेगावला आहे. आईला रात्रपाळी, बाबा गावी, त्यामुळे कळव्याहून तिला घेऊन मीच जाणार. आईवडिलांनी काय करावं, गुरूंनी काय सांगावं, हे बरंच वाचायला मिळतं. दादानं किंवा ताईनं काय करावं, ते मात्र कुणी लिहीत नाही. ती माझ्यासमोर रडते, आईसमोर नाही. म्हणून मला तयारीनं जायचंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा.

नौपाडा, ठाणे

माझा भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पहाटेची लोकल पकडून दादरला गाडी बदलली आणि सातच्या आत रांगेत उभे राहिलो. तरी पुढे चारशे जण. छातीवर नंबराचा कागद, तो सेफ्टी पिनेनं लावायचा. घामानं कागद भिजतो, म्हणून पिना चार घ्या, दोन पुरत नाहीत. आमचा नंबर लागला दुपारी अडीचला.

पहिल्या फेरीत पेटी नाही, तबला नाही, तानपुराही नाही. एका खोलीत दोन जण बसलेले असतात. मुखडा आणि फार तर एक अंतरा, की पुढचा आत. भावाची पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा धरून तो गातो ती, काळी एक (पेटीवरची पहिली काळी). पण घाबरला की त्याचा सा वर सरकतो आणि तो पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा सूर वर, सुरू करतो. मुखडा निभावून जातो. अंतऱ्यात तार सप्तकात, म्हणजे वरच्या सुरांत, गेलं की तो अर्धा सूर अंगावर येतो आणि आवाज फाटतो. आधीच्या वर्षी दुसऱ्या एका ठिकाणी नेमकं हेच झालं होतं.

फोनवर तानपुरा लावून त्याच्या कानाला दिला होता, पण दाराजवळ फोन बाहेर ठेवायला लावले. पुढे दोन मुलं बाकी होती आणि आतल्या मुलीचं गाणं बाहेर ऐकू येत होतं, भलत्याच पट्टीत. त्याचा चेहरा उतरला. मला गाणं येत नाही. पण इतकी वर्षं एका खोलीत त्याचा रियाज ऐकलाय, त्यामुळे काळी एक माझ्या कानात पक्की बसलीय. मी त्याच्या कानाशी सा गुणगुणत दारापर्यंत गेले. लोक बघत होते, बघू देत.

पहिली फेरी निघाली, दुसऱ्या फेरीत थांबवलं. मी आईला आधीच फोन करून सांगितलं होतं की घरी आल्यावर काही विचारू नकोस. दादरच्या पुलावर तो आपणहून बोलला, "ताई, सा बरोबर लागला होता ना गं?" बरोबर लागला होता. मी तेवढंच सांगितलं.

कोपरखैरणे

थोडक्यात लिहिते. उपाशी नेऊ नका. इडली किंवा पोळी-भाजी, तेलकट नको. कोमट पाण्याचा थर्मास, ज्येष्ठमधाची कांडी. बहीण अठराच्या आत आहे, तर जन्मदाखला, आधार आणि आईबाबांची सही असलेलं संमतीपत्र लागेल का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या. आम्हाला सहीसाठी परत पाठवलं होतं आणि तुम्ही तर पालक नाही. सही आजच घ्या.

नेरूळ

आमचं नाचाचं होतं. बहीण वीस वर्षांची, मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. बाबा २०२१ मध्ये कोविडनं गेले. फॉर्ममध्ये घरात कोण कोण, हा रकाना होता. तिनं खरं ते लिहिलं.

दुसऱ्या फेरीनंतर एका खोलीत बसवून कॅमेरा लावला. प्रश्न विचारणारी मुलगी चांगली होती, आवाजही मऊ होता. पण तिसऱ्याच प्रश्नाला ती म्हणाली की बाबांना हॉस्पिटलमध्ये शेवटचं कधी बघितलंस ते सांग, आणि सांगताना थोडं थांब. आम्ही बाबांना बघितलंच नव्हतं, कुणालाच आत सोडत नव्हते. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी डॉक्टर इंजेक्शन काढायचे तेव्हा ती बघायची, तशी.

मी उठून सांगितलं की नाचाबद्दल, क्लासबद्दल, वाशीच्या भावे नाट्यगृहात पहिल्यांदा नाचली त्याबद्दल ती बोलेल. बाबांबद्दल नाही. थोडी कुजबुज झाली, मग प्रश्न बदलले. पुढच्या फेरीला बोलावणं आलं नाही. त्या 'नाही'मुळे की नाचामुळे, कुणी सांगितलं नाही. पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा उठेन. तुम्ही मात्र घरूनच ठरवून जा. कोणत्या गोष्टी सांगायच्या आणि कोणत्या नाहीत, हे तिचं तिला ठरवू द्या आणि तिथे फक्त तिच्या शब्दाला धरून उभे राहा.

घोडबंदर रोड, ठाणे

माझी बहीण नऊ वर्षांची असताना एका कार्यक्रमात निवडली गेली, म्हणून पुढचं लिहितो. निवड झाल्याच्या आनंदात आपण कागद न वाचता सही करतो. आम्हीही केली. एके दिवशी सकाळी आठला गेलेली पोर रात्री दहाला मेकअपसकट झोपली होती.

बालकामगार कायद्याच्या नियमांत २०१७ मध्ये सुधारणा झाली आहे. कलाकार मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम करून घ्यायचं नाही आणि तीन तासांनंतर विश्रांती हवीच. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम नाही. मिळणाऱ्या पैशांतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवायचा. हे मी नंतर वाचलं आणि छापून खिशात ठेवलं. पुढच्या वेळी कागद दाखवून शांतपणे विचारलं, तर तिला साडेपाचला सोडलं. मोठ्यानं बोलावं लागलं नाही. हे नियम चौदाच्या आतल्या मुलांसाठी आहेत. तुमची बहीण मोठी आहे, पण धागा वाचणाऱ्या इतरांना उपयोगी पडतील.

ऐरोली

२००८-०९ च्या 'सारेगमप लिटिल चॅम्प्स'नंतर आमच्या सेक्टरमधली निम्मी मुलं गाण्याच्या क्लासला जायला लागली होती. माझा भाऊही त्यातलाच. तेरा वर्षांचा झाला तेव्हा एका वाहिनीच्या ऑडिशनला नेलं. पहिल्या फेरीत पास झाला. पुढची फेरी महिन्याभरानं होती आणि त्या महिन्यात त्याचा आवाज फुटला. वरचा सूर लावला की मधेच तुटायचा. घरच्यांनी हळद-दूध, काढे, सगळं केलं. सरांनी स्पष्ट सांगितलं की हे आजारपण नाही, वय आहे, आता ओढू नका. मी ते घरी तीनदा सांगितलं, तरी त्याला नेलंच. तिथे तो दुसऱ्या ओळीला थांबला आणि सॉरी म्हणून बाहेर आला.

पुढे दीड वर्ष तो गायला नाही. पहिल्या ऑडिशनच्या आदल्या रात्री गॅलरीत बसून तो गायला होता, ते मी मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं. मागे कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. त्याच्या लहानपणच्या आवाजाची घरात तेवढीच एक फाईल उरलीय. त्याच्या लग्नात मी ती त्याला दिली. आता तो खर्जात छान गातो. दादा, शनिवारी रात्री बहिणीचं गाणं रेकॉर्ड करून ठेवा. निकाल काहीही लागो.

कळवा (धागा काढणारा)

सगळं वाचलं, बहिणीलाही वाचून दाखवलं. संमतीपत्रावर आईची सही घेतली, पिना आणल्या. नेरूळच्या दादांचं वाचून ती बराच वेळ गप्प होती, मग वहीत दोन ओळी लिहून ते पान मला दिलं. त्यात काय सांगायचं नाही ते आहे. पान पाकिटात ठेवलंय.

तिची पट्टी काळी चार. तीन दिवस मी तिच्याबरोबर सा लावून बघतोय. माझा खाली घसरतो, ती बोट वर करून खुणावते, मी पुन्हा लावतो. रविवारला अजून चार दिवस आहेत.