मदत हवी आहे : दोन लेकरं, एक बाबागाडी आणि सकाळची पॅसेंजर

नमस्कार. थोडं लांबलचक होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमका सल्ला मिळणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमचं गाव वर्धा-नागपूर लाईनवरच्या एका लहान स्टेशनापासून तीन किलोमीटरवर आहे. सिंदीच्या अलीकडे-पलीकडे म्हणा. नोकरी नागपूरला, अजनीपासून चालत जाण्यासारखी. लग्नाआधीपासून अपडाऊन करते आहे, त्यामुळे गर्दी, उशीर, आउटरला गाडी उभी राहणं यातलं काहीच नवीन नाही. एकटीची असते तर हा धागा काढलाच नसता.

मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी दहा महिन्यांची. आतापर्यंत दोघं सासूबाईंजवळ राहायची. दिवाळीनंतर आई अंगणात घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण अजून त्यांनाच हाताला धरून उठवावं लागतं. त्यांच्यासाठी नणंद येऊन राहिल्या आहेत. त्यांच्या अंगावर आणखी दोन लेकरं टाकणं मला पटत नाही. हे शेतात असतात, कापसाची वेचणी आणि तुरी एकदमच आल्या आहेत. अंगणवाडी दुपारी सुटते आणि दहा महिन्यांच्या पोरीला तिथं दिवसभर कोण घेणार?

माझ्या ऑफिसच्या इमारतीतच पाळणाघर आहे. २०१७ साली मातृत्व रजेच्या कायद्यात दुरुस्ती झाली, रजा २६ आठवड्यांची झाली, त्याच वेळी ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघराची सोय देणं मालकावर बंधनकारक झालं. आईला दिवसातून चार वेळा लेकराजवळ जाता येतं, हेही त्याच दुरुस्तीत आलं. तिथल्या मावशी फार मायेच्या आहेत. थोडक्यात, नागपूरला पोचल्यावर माझी काहीच अडचण नाही. अडचण आहे ती घरापासून तिथपर्यंतची.

आमच्या स्टेशनावर सुपरफास्ट थांबत नाहीत. सकाळी ऑफिसच्या वेळेची एकच गाडी, ती चुकली की पुढची दुपारीच. ती येते तेव्हाच भरलेली असते. कॉलेजची मुलं, बुटीबोरीच्या एमआयडीसीत उतरणारे कामगार, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, दुधाच्या कॅना. थांबा दोन मिनिटांचा म्हणतात, कधी तेवढाही नसतो. प्लॅटफॉर्म जवळजवळ रुळाच्या पातळीचा आहे आणि डब्याची जमीन साधारण सव्वा मीटर उंच. पायदानाच्या उभ्या पायऱ्या चढूनच आत जावं लागतं. म्हणून मुंबईच्या लोकलचे सल्ले इथं लागू पडत नाहीत. तिथं प्लॅटफॉर्म डब्याच्या जवळपास येतो आणि एक गाडी सोडली तर काही मिनिटांत दुसरी मिळते.

बाबागाडी का नेते, हे विचारलं जाईलच. अजनीला उतरल्यावर पंधरा मिनिटं चालणं आहे. मुलगा तेवढं चालत नाही, झोपेत असतो. मुलीला कडेवर, त्याला बाबागाडीत, पाठीवर दुधाच्या बाटल्या-लंगोटांची पिशवी, असं चाललं होतं. परतीच्या वेळी उलट, ती झोपलेली असते आणि तो माझं बोट धरून चालतो. बाबागाडी नसेल तर माझे हातच पुरत नाहीत.

आता मागच्या मंगळवारचं सांगते. ते झालं म्हणूनच लिहायला बसले.

गाडी आली. मी एका हाताने बाबागाडी मिटत होते, मुलगी कडेवर. रोजच्या ओळखीच्या एका भाऊंनी चांगल्या मनाने मुलाला उचलून वर घेतलं. तेवढ्यात उतरणाऱ्यांचा लोंढा दारात आला, मी बाजूला झाले आणि गाडीला झटका बसला. मुलगा वर, मी खाली. त्याच्या मुठीत माझ्या ओढणीचं टोक होतं, ते त्याने सोडलं नाही. ओढणी माझ्या गळ्याभोवती ताणली गेली आणि गाडी हलायला लागली. तो रडत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. दारातल्या एका कॉलेजच्या मुलीने माझा दंड पकडून मला वर ओढलं. बाबागाडी खालीच राहिली. बुटीबोरी गेलं तरी त्याने ओढणी सोडली नव्हती. बोटं उघडली तर तळव्यात ओढणीच्या जरीचे व्रण उमटलेले.

संध्याकाळी परत आले तर पॉइंटमन काकांनी बाबागाडी तिकीट खिडकीजवळ नीट उभी करून ठेवलेली होती. एक चाक वाकलेलं.

तेव्हापासून तीन दिवस रजेवर आहे. घरी मी ओढणीचं सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते आहे.

मला विचारायचं ते हे. दोन लेकरं घेऊन चढताना आधी कोण, मग कोण? बाबागाडी न्यावी की टाकून द्यावी? कडेवर न घेता लेकरू अंगाला बांधायचं कोणतं साधन टिकतं आणि उन्हाळ्यात चालतं? लेडीज डब्यात चढावं की नाही? तो नेमका प्लॅटफॉर्मच्या टोकाला लागतो आणि तिथं तर खडीच आहे. आणि पुन्हा असं झालंच तर साखळी ओढली तर चालते का?

एसटीचा विचार करून पाहिला. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पैशाची अडचण नाही, पण आमच्या फाट्यावर बस येते तेव्हा उभं राहायला जागा नसते आणि तिकडेही एक बदलावी लागते. नागपुरात खोली करून राहणं आईंच्या अवस्थेत शक्य नाही. नोकरी सोड, हा सल्ला कृपया देऊ नका. तो घरात, दारात आणि डब्यात मिळालेला आहे.

—

प्रतिसाद (पुलगावहून, नोकरी सेवाग्रामला)

ताई, वाचून अंगावर काटा आला. माझा मुलगा आता नववीत आहे, पण मीही त्याला घेऊन दोन वर्षं अपडाऊन केलं, म्हणून सांगते.

पहिली गोष्ट, लेकराला दुसऱ्याच्या हातात आधी वर द्यायचं नाही. माणूस कितीही ओळखीचा असो. आपण वर असल्याशिवाय पोर वर नाही. लहानी अंगाला बांधलेली, मोठ्याला तुम्ही आपल्या पुढ्यात घ्यायचं, त्याचे हात दांडीवर, तुमचं अंग त्याच्या पाठीला. तो चढला की तुम्ही त्याच्या मागोमाग चढलेल्याच असता, मध्ये कोणी शिरत नाही. मदत करायला जे भाऊ येतात त्यांना सामान द्या. सामान राहिलं तर राहू द्या.

दुसरं, ओढणी. बांधा नाहीतर घरी ठेवा. सेफ्टी पिनेनेही लावू नका. मी तेव्हा सदरा घालायची, आजही घालते.

बांधायला बाजारातले बकलवाले कॅरियर चांगले आहेत, पण आपल्याकडे नवतप्यात त्या जाड पट्ट्यांखाली लेकराची पाठ घामोळ्यांनी भरते. मी जुनं सुती लुगडं वापरलं. आमच्या शेतात निंदणाला जाणाऱ्या बाया बांधतात तसंच, फक्त पाठीवर नाही, पोटाशी. पाठीवर बांधलं तर डब्यातल्या गर्दीत लेकराचं तोंड कुठं दाबलं जातं ते कळत नाही. नाक नेहमी उघडं दिसलं पाहिजे, एवढं बघायचं.

—

प्रतिसाद (रेल्वेतून निवृत्त, बडनेरा)

बेटा, साखळीचं आधी सांगतो. योग्य कारण नसताना ओढली तर रेल्वे कायद्याच्या कलम १४१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण लेकरू गाडीत आणि आई खाली, याहून योग्य कारण ते कोणतं? बेधडक ओढायची. तुम्ही खाली असाल तर वरच्याला ओरडून सांगायचं. आणि गाडीमागे धावायचं नाही. हे मी पोटतिडकीनं लिहून राहिलो आहे. गाडी थांबते, लेकरू सापडते, पण पाय घसरला तर काहीच परत येत नाही.

दुसरं, गार्डाशी ओळख करा. २०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण तुम्ही गार्डसाहेब म्हटलं तरी ते ओ देतील. ते शेवटच्या टोकाला असतात आणि हिरवा झेंडा त्यांचा. शेवटच्या दोन डब्यांपैकी एक धरला तर तुम्ही त्यांच्या नजरेत राहता. वळणावरच्या प्लॅटफॉर्मवर मधले डबे त्यांना दिसतच नाहीत. आता तुमच्याकडे शेवटचा डबा खडीवर लागत असेल तर तो सोडा, त्याच्या पुढचा धरा. स्टेशन मास्तरला आदल्या दिवशी जाऊन सांगून ठेवा की अशी-अशी दोन लेकरं घेऊन रोज चढते. लहान स्टेशनावर ही गोष्ट होते, मोठ्यावर नाही.

प्लॅटफॉर्मवर बाबागाडी असेल तर ब्रेक लावलेला पाहिजे आणि तोंड रुळाकडे नको, रुळाला समांतर. न थांबणारी सुपरफास्ट किंवा रिकामी कोळशाची मालगाडी सुसाट निघते तेव्हा जो वारा येतो, त्यात हलकी चीज सरकते. मी सरकलेली पाहिली आहे.

प्लॅटफॉर्म उंच करून घ्यायचा अर्ज गावाने मिळून द्यावा, ग्रामपंचायतीच्या ठरावासहित. उंच प्लॅटफॉर्म रुळापासून ७६ ते ८४ सेंटिमीटर असतो, म्हणजे डब्यात जायला तरीही पायरी राहतेच, पण आजच्या निम्म्याहून कमी. वेळ लागेल, पण अर्ज आजच द्या.

—

प्रतिसाद (चांदूर रेल्वे)

पोराच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूला दोन मोबाईल नंबर पक्क्या शाईने लिहून ठेवा, एक तुमचा, एक घरचा. तुमचा फोन तुमच्याच पिशवीत, पिशवी खाली, असं होऊ शकते. चुकामूक झाली तर १३९ रेल्वेचा आणि १०९८ लेकरांचा, हे दोन नंबर पाठच असू द्या. साडेतीन वर्षांच्या पोराला आपलं आणि आईचं नाव सांगता येते, गाव पण पाठ करून घ्या. माझी पोरगी गाव विचारलं की "आजीचं" म्हणायची.

आणि बाबागाडी रोज नेताच कशाला? ती अजनीकडेच ठेवा ना! पाळणाघरात नाहीतर स्टेशनबाहेरच्या सायकल स्टँडवर. गावाकडे तर तुम्हाला घरचं कोणी सोडून देत असेल. तिचं काम फक्त तिकडच्या पंधरा मिनिटांचं आहे.

—

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस झाले उत्तर लिहायला, कारण काल जाऊन आले.

बाबागाडी तिकडेच ठेवायची, हे मला इतके दिवस सुचलं नाही! स्टेशनावर यांची मोटरसायकल सोडतेच आम्हाला. चाक सरळ करून घेतलं, स्टँडवाल्या भाऊंना विचारलं, ते महिन्याच्या सायकलच्या पैशात ठेवायला तयार झाले. सकाळी साखळीने बांधलेली, त्यावर प्लॅस्टिक घातलेलं. मुलगा तिला बघून इतका खूश झाला की चालतच निघाला.

चढताना त्याला पुढ्यात घेतलं. दोन्ही हात दांडीवर, "आईची पाठ नाही, आईचं पोट मागे आहे" असं त्याला आदल्या रात्री पलंगावर चढवून-चढवून शिकवलं होतं. तो चढला, मी चढले. मागून एक बाई घाई करत होत्या, त्यांना वळून म्हटलं, काकू, अर्धा मिनिट. त्या थांबल्या. तेच ओळखीचे भाऊ मंगळवारपासून मला टाळत होते, त्यांनाच पिशवी धरायला दिली. त्यांचे डोळे भरून आले. त्यांची काही चूक नव्हती, हे मी त्यांना सांगितलं आणि इथंही लिहून ठेवते.

स्टेशन मास्तरांना भेटले. त्यांनी नीट ऐकून घेतलं. प्लॅटफॉर्मच्या अर्जावर सही करायला गावातल्या अपडाऊनवाल्या अकरा जणी तयार आहेत, त्यात शाळेत जाणाऱ्या मुलीही आहेत. ठरावाचा मसुदा कोणाकडे असेल तर द्यावा.

एकच अडचण उरली. मुलीला लुगड्याने पोटाशी बांधलं, पण सिंदीपर्यंतच गाठ सैल होऊन ती खाली सरकली आणि उरलेला रस्ता मी एका हाताने तिला तोलून धरलं. पुलगावच्या ताई, तुमचं लुगडं नऊवारी होतं की सहावारी? आणि गाठ खांद्यावर घ्यायची की कमरेला मागे? मी आईंचं जुनं सहावारी वापरलं. त्या बिछान्यावरून सांगत होत्या की नऊवारीच पाहिजे, दोन वेढे जास्त बसतात, पण त्यांच्या पेटीतली नऊवारी मला काढवत नाही. तुम्ही सांगाल तसं सोमवारी बांधून बघते.