मदत हवी आहे : आल्पुहारात गाडीशिवाय सुट्टी निभेल का?

दरीकाठ :
स्पेनमधील सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावर, आल्पुहारा भागात, आम्ही आठवडाभरासाठी एक जुने घर भाड्याने घेतले आहे. मला आणि मुलाला मुलासेन शिखर चढायचे आहे, यजमानांना पुस्तक घेऊन सज्जात पडून राहायचे आहे आणि सासूबाईंना रोज थोडे चालायला मिळाले की पुरे आहे. भाड्याची गाडी घ्यावी की नाही यावर घरात एकमत होत नाही. कृपया तेवढेच सांगावे. स्पेनऐवजी स्वित्झर्लंडला जा, असे सल्ले नकोत.

सह्यकडा :
महिना कोणता आणि मुक्काम कोणत्या गावी? आल्पुहारा हे एक गाव नव्हे. ग्रानादा आणि आल्मेरिया या दोन प्रांतांत पसरलेला तो मोठा डोंगराळ प्रदेश आहे.

दरीकाठ :
जुलैचा पहिला आठवडा, कापिलेइरा. गाडीचा आणि महिन्याचा काय संबंध, ते कळले नाही.

सह्यकडा :
संबंध असा, की कापिलेइरा १,४३६ मीटर उंचीवर आहे आणि मुलासेन ३,४७९ मीटरवर, म्हणजे गावातून निघालात तर दोन हजार मीटरांहून अधिक चढाई होते. गावाच्या वर जाणारा जुना रस्ता एका टप्प्यानंतर खासगी वाहनांना बंद आहे, त्यामुळे स्वतःची गाडी असूनही तुम्ही सुमारे २,१५० मीटरपर्यंतच पोहोचाल. उन्हाळ्यात मात्र, वरचे बर्फ वितळल्यावर, राष्ट्रीय उद्यानाची छोटी बस कापिलेइराहून थेट सुमारे २,७०० मीटरवर नेऊन सोडते. तिच्या जागा आधी राखून ठेवाव्यात. म्हणजे शिखरासाठी गाडीची गरज नाही.

निवांतवेळ :
स्पेनमधील सर्वोच्च शिखर मुलासेन नसून तेनेरिफे बेटावरील तेइदे आहे, ३,७१५ मीटर. तेथे केबल कारने बरेच वर जाता येते आणि सासूबाईही येऊ शकतील. माझे ऐकाल तर तिकडेच जा.

दरीकाठ :
घराचे पैसे भरून झाले आहेत.

ग्रानादाकर :
सह्यकडा यांचे शिखरापुरते बरोबर आहे, पण सुट्टी म्हणजे केवळ शिखर नव्हे. ग्रानादाहून लान्हारोन, ओर्हिवा, पाम्पानेइरा आणि बुबिओन या मार्गाने कापिलेइराला येणाऱ्या बस दिवसातून मोजक्याच असतात. एक चुकली की बेत कोलमडतो. लान्हारोनच्या खनिज झऱ्यांवरील स्नानगृहात अर्धा दिवस घालवायचा, किंवा दरीपलीकडच्या उतारावरील ओ सेल लिंग हे तिबेटी बौद्ध साधनाकेंद्र पाहायचे, तर गाडी हवीच. हे केंद्र १९८० मध्ये सुरू झाले आणि १९८२ मध्ये दलाई लामा तेथे येऊन गेले. इतकी शांत जागा मी त्या भागात दुसरी पाहिलेली नाही.

सह्यकडा :
लान्हारोन त्याच बसच्या वाटेवर आहे, हे आपणच वर लिहिले आहे. शिवाय त्या गावांच्या अरुंद, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. ती गावाबाहेर ठेवून सामान हातानेच न्यावे लागते. आठवडाभर भाडे भरून गाडी उभी ठेवण्यात काय सुख आहे?

पायवाट :
सासूबाईंसाठी उत्तम बेत सुचवते. कापिलेइराहून बुबिओनमार्गे पाम्पानेइरापर्यंत पायवाटेने उतरायचे आणि बसने वर परतायचे. चढ जवळपास नाहीच.

ग्रानादाकर :
हा सुमारे पावणेचारशे मीटरांचा उतार आहे आणि म्हाताऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतारच अधिक जाचतो. सासूबाईंचे वय काय आहे?

दरीकाठ :
बाहत्तर. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, पण त्या रोज फिरायला जातात.

पायवाट :
ताई, मग त्यांना आणि यजमानांना बसने पाम्पानेइराच्या चौकात पाठवा, तुम्ही मायलेक पायी उतरा आणि तेथेच एकत्र जेवा. कापिलेइराच्या आसपास पाटांच्या काठाने तुलनेने सपाट तुकडेही सापडतील. बर्फाचे पाणी शेतांपर्यंत नेणारे हे पाट अरबी अमदानीपासून चालत आले आहेत. काही पाट तर मुद्दाम डोंगरात पाणी जिरवण्यासाठी सोडतात आणि ते पुढे खालच्या झऱ्यांना फुटते.

पांझराकाठ :
पाटांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आमच्या धुळ्याकडे पांझरा नदीवर बंधारे बांधून पाणीवाटपाची फड पद्धत शेकडो वर्षे चालली. यावर कोणी स्वतंत्र धागा काढल्यास मी सविस्तर लिहीन.

निवांतवेळ :
व्हिसासाठी प्रवासविमा विसरू नका.

दरीकाठ :
व्हिसा मिळालेला आहे आणि तो मी विचारलेलाही नव्हता. सासूबाई शाकाहारी आहेत. त्यांची सोय होईल का?

ग्रानादाकर :
हे पहिल्या पोस्टमध्ये असते तर आम्ही तेथूनच सुरुवात केली असती. तेथील प्रसिद्ध ताटात बटाटे आणि अंड्यांसोबत डुकराच्या मांसाचे प्रकार असतात, आणि साध्या भाजीतही हॅमचे, म्हणजे खारवून वाळवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे पडतात, म्हणून मांस नको एवढ्यावर न थांबता हॅमही नको, असे वेगळे सांगावे. त्रेवेलेस गाव तर हॅमसाठीच प्रसिद्ध आहे. दुकानांच्या छताला टांगलेल्या त्या रांगा सासूबाईंना सहन होतील का, याचा विचार करूनच तेथे न्या. तुमचे घर स्वयंपाकघराचे असेल तर ओर्हिवाला बस थांबते तेव्हा शक्य झाल्यास भाजी घेऊन ठेवा, आणि दुपारी दुकाने बराच वेळ बंद असतात हे ध्यानात असू द्या.

दरीकाठ :
स्वयंपाकघर आहे. गाडी घेत नाही. शिखराच्या बसच्या जागांची चौकशी आजच करते. यजमानांना मात्र अजूनही गाडी हवी आहे, तेव्हा त्यांनी स्वतःचा धागा काढावा.