प्रतिसाद: कॅम्परमधला टीव्ही आणि डिश

कॅम्परमध्ये (राहायची सोय असलेल्या गाडीत) डिशची केबल थेट टीव्हीला लावल्यावर चित्र येत नाही, असं तुम्ही विचारलंय; ते साहजिकच आहे. मध्ये सेट टॉप बॉक्स हवा. एलएनबीला (डिशसमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीला) 13 किंवा 18 व्होल्ट तोच पुरवतो, त्याच केबलमधून. आधी कुणीतरी सुचवलेला, गाडीच्या भिंतीतल्या अँटेना सॉकेटमधून जोडायचा उपाय म्हणूनच पटत नाही. त्या सॉकेटमागे साध्या अँटेनाचा बूस्टर (सिग्नल वाढवणारं यंत्र) असला तर वीजही अडते, सिग्नलही. सरळ आरजी-6 केबल (डिशची नेहमीची गोल केबल) खिडकीतून आत घ्या, दिसू दे गबाळं.

दूरदर्शनची मोफत सेवा फ्री डिश असेल तर डिश जीसॅट-15 उपग्रहाकडे रोखा, तो 93.5 अंश पूर्व रेखांशावर आहे. पुण्याहून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 59 अंश वर. (ऑफसेट डिश, म्हणजे एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असलेली, त्याहून बरीच उभी दिसते, तशीच राहू द्या.) गाडी झाडाखाली लावायची तर डिश तिपाईवर लांब उन्हात ठेवा.